दया आणि शिस्त

संत नामदेवांची एक कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा ती त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भूतदयेचा हा आदर्श थोरच आहे. परंतु रस्त्यावरील कुत्र्याला पोळी घालणे आणि त्याला घरी आणणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्या कृतीस क्षणाची दया पुरते. दुसरीसाठी अनेक वर्षांची जबाबदारी पत्करावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही या जबाबदारीचा उल्लेख आहे. इच्छुक प्राणिप्रेमींना महानगरपालिकेकडे अर्ज करून भटके कुत्रे दत्तक घेता येतील. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची काळजी अर्जदारानेच घ्यावी, असे न्यायालयाने म्हटले.

दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर का येतो? मोकळ्या कुत्र्याचा दिवस भटकण्यात, हुंगण्यात, अन्न शोधण्यात आणि आपली हद्द राखण्यात जातो. घरात आल्यावर ही कामे संपतात. अंगातील शक्ती मात्र तशीच उरते. मग तो चपला कुरतडतो, अंगावर उड्या मारतो, रात्री भुंकतो. माणसे त्याला द्वाड ठरवतात. वस्तुतः ही बहुधा काम हरवलेल्या प्राण्याची अस्वस्थता असते. कंटाळलेले कुटुंब त्याला दिवसभर साखळीने बांधते किंवा दूर नेऊन सोडते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे आणि सबळ कारणाशिवाय प्राण्याला टाकून देणे हे दोन्ही गुन्हे आहेत.

यावरचा उपाय म्हणजे दिनक्रम. कुत्रा घरी आणताच प्रथम पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी आणि रेबीजची लस टोचून घ्यावी. त्यानंतर जेवण, फिरणे, खेळ आणि झोप यांच्या वेळा ठरवाव्यात. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरायला न्यावे आणि वाटेत मनसोक्त हुंगू द्यावे. हुंगण्याने त्याच्या बुद्धीलाही व्यायाम मिळतो. झोपण्याची जागा शांत आणि कायमची असावी. पुढे काय घडणार हे कळू लागले की भेदरलेला जीव हळूहळू निवतो.

दिनक्रमाला शिक्षणाची जोड हवी. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना पचनक्रियेच्या संशोधनासाठी १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाआधी ठरावीक संकेत वारंवार दिला, तर पुढे नुसत्या संकेतानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, असे त्यांना आढळले. कुत्रा अशा प्रकारे दोन घटनांचा संबंध जोडून शिकतो. ‘बस’ म्हटल्यावर तो बसला, की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्यावा. तासाभराने दिलेल्या बक्षिसाचा किंवा शिक्षेचा त्याला अर्थ लागत नाही. मारहाणीने तो शहाणा होत नाही. तो हाताला भिऊ लागतो आणि भ्यालेला कुत्रा चावण्याचा संभव अधिक असतो. घरातील सर्वांनी एका आज्ञेसाठी एकच शब्द वापरावा. एकाने पलंगावर बोलवावे आणि दुसऱ्याने हाकलावे, यात दोष कुत्र्याचा नसतो.

रस्त्यावरचा कुत्रा शिकू शकत नाही, हा समजही खरा नाही. उत्तराखंड पोलिसांनी २०१९ मध्ये ‘ठेंगा’ नावाच्या अशाच एका कुत्र्याला शिकवून आपल्या श्वानपथकात घेतले. त्याला नियमित शिक्षण मिळाले, म्हणून त्याचे गुण दिसून आले.

प्रेम आणि शिस्त या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. आश्रय दिल्याने मुक्या जिवाला छप्पर मिळते. शिस्त लावल्याने त्याचे त्या घरातील स्थान टिकते. दयेला शिस्तीची जोड मिळाली, तरच तो जीव पुन्हा बेघर होत नाही.

पाठगत प्रश्न

१. घरात आलेला कुत्रा अस्वस्थ का होतो?
२. बक्षीस त्याच क्षणी का द्यावे?
३. ‘दयेला शिस्तीची जोड हवी’ हे विधान तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.