मेंढा निवडताना उमगलेलं

बालाघाटाच्या माळावर आमचा लहानसा कळप आहे. दर दोन वर्षांनी नवा मेंढा घ्यायची वेळ येते, आणि दर वेळी काहीतरी नवं उमगतं.

१. मेंढा म्हणजे अर्धा कळप. पंचवीस-तीस मेंढ्यांना एकच मेंढा पुरतो. एखादी मेंढी निकस निघाली तर तिचीच कोकरं किरकोळ राहतात. मेंढा निकस निघाला तर सगळी पैदासच हलकी होते.

२. जात पाहण्याआधी रान पाहावं. जतकडचा माडग्याळ मेंढा उंचापुरा, बाकदार नाकाचा, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांचा. त्याची कोकरं झपाट्यानं वाढतात. पाहताच मन जातं. जतही दुष्काळीच, म्हणून तो इथलं ऊन सोसतो. पण मोठ्या अंगाला चाराही जास्त लागतो. चैत्रात माळावर कुसळं उरतात, तेव्हा आपली काळी दख्खनी मेंढी दिवसभर चालून पोट भरते. तिचं मोल मला अशाच महिन्यांत कळतं.

३. जुळ्यांचा गुण बापाकडूनही येतो, याचं मला फार नवल वाटलं. बंगालच्या सुंदरबनातली गारोल मेंढी अंगानं चिमुकली, पण जुळी देणारी. तिच्यातलं जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनीत आणलं आणि ‘सुवर्णा’ मेंढी घडवली. हे जनुक नेमकं कोणतं, ते 2001 साली ओळखलं गेलं. मेंढ्याकडे पाहून ते कळत नाही, रक्ताची तपासणी करावी लागते. ज्या मेंढ्यात त्याच्या दोन्ही प्रती असतात, त्याच्या प्रत्येक लेकीत एक उतरते आणि ती लेक बऱ्याचदा जुळी देते.

४. जुळी पेलतात ती आईच्या दुधावर. मेंढीला सड दोनच, आणि जुळी कोकरं जन्मतः हलकी. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आईला पेंड-भरडा देता येत असेल, तरच असा मेंढा आणावा. लहान कळपात हे जमतं, कारण प्रत्येक मेंढी आपल्या ओळखीची असते.

५. मेंढ्याआधी त्याची आई पाहावी. बाजारात खुराक देऊन फुगवलेला मेंढा देखणाच दिसतो. म्हणून मी वाड्यावर जाऊन आईची कास पाहते, तिची आधीची कोकरं विचारते. मग मेंढ्याचे खूर, दात, आणि दोन्ही अंड सारखे व टणक आहेत का, हे तपासते. आमच्या जिल्ह्यात अंबाजोगाईलाच शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. तिथले मेंढे पाहिले की नजर तयार होते.

६. चांगला मेंढाही वेळेवर द्यावा लागतो. दोन वर्षांत त्याच्या लेकी माजावर येतात, आणि बाप-लेकीच्या संकरातून अशक्त कोकरं होतात. लळा लागलेला मेंढा दुसऱ्या कळपाला देणं जड जातं. पण त्याचे गुण त्याच्या लेकींत राहिलेले असतात. त्यांतल्या कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या विकायच्या, यावरच कळप घडतो.