जुनी फियाट घरी दुरुस्त करताना

जुनी मोटार दारात येऊन उभी राहिली की शेजारपाजारचे पहिला प्रश्न विचारतात तो इंजिनाचा. सुरू होते का? प्रश्न स्वाभाविक आहे. पण गाडी वाचणार की भंगारात जाणार हे त्याच्या उत्तरावर क्वचितच ठरते. अडकलेले इंजिन उघडता येते, त्याचे सिलिंडर पुन्हा बोअर करता येतात, क्रँकशाफ्ट घासून घेता येतो. ही कामे बेळगावच्या उद्यमबागेत आपल्यासमोर रोज होत असतात. गाडीचा सांगाडा कुजला असेल तर मात्र तो बदलून मिळत नाही. म्हणून घरी दुरुस्ती करू पाहणाऱ्याने बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली शिरावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या मताची कारणे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच सापडतात.

उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या ओळखीची गाडी घेऊ. इटलीतील फियाट कंपनीने १९५३ साली ‘११००-१०३’ ही गाडी बाजारात आणली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने तीच गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बांधावयास घेतली. आपल्याकडे जिला लोक प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत ती हीच. तिच्या मागून १९६४ साली ‘डिलाइट’ आली, आणि पुढे सत्तरच्या दशकात नाव बदलून ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व मग ‘पद्मिनी’. चार सिलिंडर, १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप या गाडीनेच घडविले. त्यांतील अखेरची नोंदलेली पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ज्या उरल्या आहेत त्या कुणाच्या अंगणात, कुणाच्या गोठ्यात, ताडपत्रीखाली.

या गाडीची एक गोष्ट नवशिक्याच्या लक्षात येत नाही. जीप किंवा ट्रक घेतला तर खाली लोखंडी चौकट असते व वरची बॉडी तिच्यावर बोल्टने बसविलेली असते. फियाट ११००-१०३ मध्ये अशी निराळी चौकट नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या दोन लांब पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर हे सगळे वेल्डिंगने एकजीव केलेले असून त्या सगळ्यांनी मिळून भार उचलावयाचा असतो. अंड्याच्या कवचासारखी ही रचना आहे. दाराखालची पेटी दिसायला शोभेची पट्टी वाटते. प्रत्यक्षात ती गाडीचा कणा आहे. ती सडली म्हणजे गाडी मध्यभागी खचू लागते आणि दार उघडताना थोडे उचलावे लागते. दार व खांब यांच्यामधली फट वर अरुंद, खाली रुंद दिसली की दाराचे बिजागर तपासण्याआधी ही पेटी तपासावी.

पेटी नेमकी तिथेच का सडते? गंजणे म्हणजे एक छोटी विद्युतघटमाला असते. लोखंडाच्या एकाच पत्र्यावर ज्या भागाला हवेतला प्राणवायू भरपूर मिळतो तो भाग सुरक्षित राहतो, आणि जिथे ओल आहे पण प्राणवायू कमी, तो भाग धनाग्र होऊन झिजतो. सामान्य समजूत याच्या उलट आहे. उघड्यावर पाऊस लागतो तिथे गंज चढेल असे आपण मानतो. पण खरा नाश होतो दोन पत्रे एकमेकांवर चढलेल्या जोडात, चिखल साचलेल्या कोपऱ्यात, पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेले भोक बुजले असेल त्या पेटीत. शिवाय तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे जोडाच्या आत गंज धरला की तो पाचरीसारखा दोन्ही पत्रे फाकवितो आणि आणखी ओल आत घेतो. वरच्या रंगाला बुडबुडा दिसतो तेव्हा आतले काम बरेच उरकलेले असते. आपल्या भागातला चार महिन्यांचा पाऊस व घाटापलीकडची खारी हवा लक्षात घेता गोव्याहून आणलेली गाडी विकत घेताना तर दुप्पट सावध राहावे.

तपासणीला महागडी साधने लागत नाहीत. एक लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. नंतर गाडी सपाट जागी भक्कम स्टँडवर घ्यावी (नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कोणीही कधीही शिरू नये) आणि जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पेट्या, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बसतात त्या जागा व तळाचे कोपरे टोचून पाहावेत. चांगला पत्रा ‘टण्ण’ वाजतो, कुजलेला पत्रा गप्प बसतो. हे सर्व रंग खरवडण्याआधी करावे, आणि प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेवावा. एकदा उघडलेली गाडी पूर्वी कशी होती हे आठवणीतून सांगणारा माणूस आजवर भेटलेला नाही.

कुजलेला भाग कापण्याची वेळ आली तर आधी गाडीला आतून आधार द्यावा. दारांच्या मोकळ्या चौकटीत तात्पुरत्या लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या की सांगाडा आपली मापे सोडत नाही. आधार न देता दोन्ही पेट्या एकदम कापल्या तर गाडी मधोमध वाकते, आणि नवी पेटी त्या वाकलेल्या अवस्थेतच कायमची बसते. मग कुठलेच दार पुन्हा नीट लागत नाही. म्हणून एका बाजूचे काम संपवून, दार लावून पाहून, मगच दुसरी बाजू. वेल्डिंग अनुभवी मेस्त्रीकडून करून घेणे शहाणपणाचे. घरच्या माणसाने मापे धरण्याची जबाबदारी घ्यावी. पेट्रोलची टाकी आधी काढून दूर न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ती स्फोट पावते, आणि रिकाम्या टाकीत नेमके असेच मिश्रण तयार असते.

सुट्या लोखंडी भागांवरचा गंज काढण्यासाठी विद्यार्थ्यांना आवडेल अशी एक रीत आहे. प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी करावे. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला व धन तार भंगार लोखंडाच्या तुकड्याला जोडावी. एका रात्रीत गंज सुटून येतो आणि चांगला धातू तसाच राहतो, जे घासकागद किंवा तीव्र आम्ल करू शकत नाही. मात्र धन बाजूला स्टेनलेस स्टील कधी लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून काम उघड्यावर करावे. स्प्रिंगा व कठीण पोलादाचे बोल्ट या पाण्यात घालू नयेत, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. ॲल्युमिनियम तर सोड्यात विरघळतेच.

ॲल्युमिनियमचा विषय निघाला म्हणून इंजिनाकडे वळू. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा व हेड ॲल्युमिनियमचे. दोन निरनिराळे धातू एकाच पाण्यात उभे असले की पुन्हा घटमाला तयार होते आणि यावेळी ॲल्युमिनियम झिजते. वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा नळाचे पाणी रेडिएटरमध्ये ओतलेल्या गाडीचे हेड उघडले तर पाण्याच्या वाटा कुरतडलेल्या दिसतात. गंजरोधक मिसळलेले कूलंट यासाठीच घालावयाचे. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून ते नको, हा युक्तिवाद निरर्थक आहे. इंजिन अडकलेले असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडविणारे पातळ तेल सोडावे, आठवडाभर थांबावे, आणि मग क्रँकशाफ्टच्या नटाला पाना लावून हलकेच मागेपुढे करावे. दोरी बांधून ओढत नेण्याचा मोह टाळावा. हेड काढावयाचे ते इंजिन पूर्ण थंड असताना, आणि बसविताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोनतीन फेऱ्यांत आवळावेत.

इंधनाबाबत काळ बदलला आहे. या गाड्या शिसेमिश्रित पेट्रोलच्या जमान्यातल्या. ते पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. आपल्याच जिल्ह्यातला ऊस त्याला हातभार लावतो, ही कौतुकाची गोष्ट. पण इथेनॉल जुन्या रबराला फुगविते व हवेतली ओल शोषून घेते. तेव्हा पंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालाव्यात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. चारही चाकांचे सिलिंडर उघडून रबरी वाट्या नव्या घालाव्यात. त्यात फक्त ब्रेकचे तेल जाते. इंजिन ऑइलचा थेंब गेला तरी रबर फुगते व ब्रेक धरून बसतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

आता एक मुद्दा कायद्याचा, कारण तो सांगाड्याशी येऊन मिळतो. मोटार वाहन नियमांत २०२१ साली ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी निराळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली गाडी त्यात बसते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. पेट्रोल परवडत नाही म्हणून जुन्या फियाटमध्ये दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन बसविण्याची पद्धत आपल्याकडे होती. त्या काळी ते व्यवहाराला धरून होते, त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. पण आज अशी गाडी हाती आली तर मूळ इंजिन त्याच घराच्या माळ्यावर किंवा विहिरीजवळ पडले आहे काय, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी.

रंग सर्वांत शेवटी. त्याआधी गाडी प्रायमरवरच पंचवीसतीस किलोमीटर चालवावी, रात्रभर थंड होऊ द्यावी, हेडचे बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि दाराच्या चारही फटींत जाड पुठ्ठ्याचा एकच तुकडा घालून पाहावा. तो वरपासून खालपर्यंत सारखा सरकला तर रंगाऱ्याला बोलवावयास हरकत नाही.