वाडीच्या वाटेवरील शेवाळ : ते कसे काढावे व पुन्हा कसे येऊ देऊ नये

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर ह्या पट्ट्यात वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांत पडून जातो. ह्या चार महिन्यांत फाटकापासून गोठ्यापर्यंतची फरसबंद वाट हिरवी होते व तिजवर ना माणसाचा पाय ठरत, ना जनावराचा. वृद्ध माणसाचे खुब्याचे हाड मोडले म्हणजे ते घर वर्षभर मागे पडते. गाभण म्हैस घसरली, तर दूध व पारडू दोन्ही हातचे जाण्याची भीती असते. पूर्वी अशा वाटा मुरमाच्या असत. त्यांवर चिखल होई, पण शेवाळ फारसे धरत नसे. आता टेंपो व ट्रॅक्टर आत यावा म्हणून आपण कोबा करतो, शहाबादी फरशी बसवितो किंवा सिमेंटचे ठोकळे मांडतो. तेव्हा हा विषय शेतीबाहेरचा आहे असे कोणी समजू नये.

बहुतेक ठिकाणी रीत अशी की, दिवाळीपूर्वी वाट खरवडावी, तिजवर काही तीव्र औषध ओतावे आणि पुढील आषाढात ती पुन्हा हिरवी झालेली पाहावी. शेवाळ ही पाणी तुंबल्याची खूण होय. खूण पुसून टाकली तरी पाणी होते तेथेच राहते, व पाणी आहे तोवर शेवाळ पुन्हा येणारच. म्हणून ह्या पाठात काढण्याच्या रीतीइतकाच पाण्याचा विचार केला आहे.

शेवाळाचे प्रकार

आपण ज्यास सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात निरनिराळे जीव असतात. पहिला प्रकार हिरव्या वा काळ्या बुळबुळीत थराचा. हा शैवलांचा थर. त्यातील काळसर भाग बहुधा निळ्या-हिरव्या शैवलांचा असतो. ह्यांचेच भाईबंद भाताच्या खाचरात हवेतील नत्र धरून पिकास देतात व तेथे आपण त्यांस मुद्दाम सोडतो. खाचरातील हा मित्र वाटेवर मात्र शत्रू ठरतो. घसरण्याचे मुख्य कारण हाच थर होय.

दुसरा प्रकार मखमलीच्या गादीसारखा असून त्यास शास्त्रीय ग्रंथांत हरिता असे म्हणतात. ह्या वनस्पतीस खरी मुळे नसतात. केसांसारख्या तंतूंनी ती फटीतील मातीस व दगडाच्या खरखरीत अंगास धरून राहते आणि पाणी सर्वांगाने शोषून घेते. वैशाखात ती तपकिरी व कोरडी दिसते. तेवढ्यावरून ती मेली असे मानू नये, कारण पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा टवटवीत होते. तिची बीजुके वाऱ्याने पसरतात, आणि तुटलेल्या तुकड्यापासूनही नवी गादी होऊ शकते. म्हणून खरवडलेला कचरा वाटेच्या कडेस टाकून ठेवू नये.

तिसरा प्रकार करड्या वा फिकट ठिपक्यांचा. मसाल्यात पडणारे दगडफूल ह्याच जातीचे. ते फार हळू वाढते व सहसा पाय घसरवीत नाही; त्याच्या मागे लागू नये.

आधी पाहणी करावी

पाऊस चालू असताना डोक्यावर इरले किंवा छत्री घेऊन वाटेवरून एक फेरी मारावी आणि पाणी कोठून येते, कोठे थांबते हे पाहावे. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने दुसरी फेरी मारावी व जेथे पाणी उरले असेल तेथे कडेला खुंटी ठोकावी. बहुधा चार जागा सापडतात : छपराच्या पागोळ्या पडतात ती ओळ, झाडाच्या सावलीचा भाग, फरशी खचून झालेले खोलगट, आणि मातीने भरलेल्या दरजा. बदलापूरकडील वाड्यांत जांभळीची सावली विशेष दाट असते. शिवाय ज्येष्ठात गळालेली जांभळे व पाला वाटेवर कुजून शेवाळास खाद्य मिळते.

पाण्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. दहा फूट रुंद व शंभर फूट लांब वाटेवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढ्या जागेवर सुमारे ९,३०० लिटर पाणी पडते. शेजारच्या ६०० चौरस फूट छपराचे पाणीही तीवरच सोडले असेल, तर त्यात आणखी ५,५०० लिटरांची भर पडते. आमच्या भागात असा दिवस पावसाळ्यात अनेकदा येतो.

निचऱ्याचे महत्त्व पाहावयाचे असेल, तर अंबरनाथचे शिवालय जवळच आहे. वालधुनीकाठचे हे काळ्या पाषाणाचे मंदिर शिलाहारांच्या काळातील असून त्यावरील लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ दिला आहे. पावसाळ्यात तेथे जाणाऱ्याने पाहावे : उभ्या व कलत्या दगडावरून पाणी चटकन ओसरते, तर खाचांत, सपाट थरांवर व सावलीच्या अंगास ओल टिकते आणि हिरवेपणा तेथे अधिक धरतो. दगड एकच, पाऊसही एकच. फरक पाण्याच्या मुक्कामाचा. मात्र तेथे कोणी सेवाभावानेही खराटा वा औषध चालवू नये. ते १९५८ च्या कायद्याखालील संरक्षित स्मारक आहे व त्याची सफाई पुरातत्त्व खात्यानेच करावयाची आहे.

काढण्याची रीत

मोठे काम हस्त सरल्यावर, दिवाळीपूर्वी करावे. त्या वेळी गादी ओलसर असल्याने सहज सुटते व पुढे उन्हाची खात्री असते. श्रावणात उघडीप मिळाली की केवळ बुळबुळीत थर खराट्याने घासून काढावा, म्हणजे पावसाळाभर वाट चालती राहते.

प्रथम पाला व माती झाडून घ्यावी. मखमली गादी खुरप्याने किंवा बोथट फावड्याने उचलावी. दरजांतील माती व तीत अडकलेले तंतू एक इंच खोलीपर्यंत कोरून काढावे; हा भाग राहिला तर बाकीचे श्रम वाया गेले असे समजावे. त्यानंतर ताठ खराट्याने वाट घासून पाण्याने धुवावी. दगडावर काथ्याचा ब्रश चालतो. तारेचा ब्रश सिमेंटच्या ठोकळ्यांवर व शहाबादी फरशीवर चालवू नये, कारण त्याने पृष्ठ खरडले जाऊन पुढील शेवाळास अधिक आधार मिळतो. जागा थोडी असेल तर उकळते पाणी ओतणे हा बिनविषारी उपाय आहे. फक्त मुले व जनावरे दूर ठेवावी. दाबाच्या पाण्याचे यंत्र भाड्याने आणल्यास त्याची धार तिरपी व पसरट धरावी. उभ्या बारीक धारेने दरजांतील वाळू उडून जाते व ठोकळे हलू लागतात.

निघालेला कचरा, त्यावर औषध टाकलेले नसल्यास, खताच्या खड्ड्यात टाकावा.

औषधांविषयी

घासून व निचरा करून भागत असेल तेथे औषध वापरू नये. तरीही कोणती वस्तू काय करते हे ठाऊक असलेले बरे.

मोरचूद शेतकऱ्यास बोर्डो मिश्रणामुळे परिचित आहे. हे मिश्रण १८८५ साली फ्रान्सात द्राक्षांच्या रोगावर प्रसिद्ध झाले व कोकणात ते सुपारीच्या कोळे रोगावर फवारतात. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे, परंतु ते वाहून ओढ्यात गेले तर मासे मरतात, आणि मेंढ्यांस तांब्याचा विशेष अपाय होतो. वाटेसाठी ते वापरू नये. मिठाने कडेची झाडे जळतात व कोब्यातील लोखंडी सळी गंजते. संडास धुण्याचे आम्ल तर मुळीच वापरू नये. शहाबादी फरशी चुनखडीची असते. तिजवर आम्ल पडताच फेस येतो व फरशी विरघळते. सिमेंटही आम्लाने खाल्ले जाते, आणि असा खडबडीत झालेला पृष्ठभाग पुढील वर्षी अधिक ओल धरतो.

काळा थर घासून सुटेनासा झाला, तरच ब्लीचिंग पावडर घ्यावी. दहा लिटर पाण्यात १५० ते २०० ग्रॅम ताजी पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवून निवळू द्यावी व वरची निवळी कोरड्या दिवशी वाटेवर पसरावी. पंधरा-वीस मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवावे. येथे तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या. पहिली, ही पावडर कोणत्याही आम्लाशी मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू घातक असतो. दुसरी, गोमूत्र साचलेल्या जागी ती टाकू नये. तेथेही त्रासदायक वायू निघतो, म्हणून गोठ्यापुढील भाग आधी साध्या पाण्याने धुऊन घ्यावा व जनावरे दूर बांधावी. तिसरी, धुण्याचे पाणी विहिरीकडे वा ओढ्याकडे जाऊ देऊ नये. मातीचा लहान बांध घालून ते पडीक जागेत जिरवावे. उल्हास नदीचेच पाणी आपल्या ह्या तिन्ही गावांस पिण्यास मिळते, व वालधुनीची दैना आपण रोज पाहतोच.

पुन्हा येऊ नये म्हणून

पाण्यास ढाळ देणे हा मुख्य उपाय. दर पन्नास फुटांस एक फूट एवढा आडवा ढाळ पुरेसा होतो. दहा फुटी वाट एका बाजूस कलती करावयाची असल्यास उंच कड दुसरीपेक्षा सुमारे अडीच इंच वर यावी. मध्य उंच ठेवावयाचा असल्यास तो दोन्ही कडांहून सव्वा इंच वर घ्यावा. खुंट्या, दोरी व पाणसळ घेऊन हे काम गवंड्याकडून समोर उभे राहून करवून घ्यावे. खचलेले ठोकळे उचलून, खाली कच भरून, ठोकून पुन्हा बसवावे.

छपरास पन्हळ लावून पागोळ्यांचे पाणी वाटेपासून दूर न्यावे. वाटेच्या कडेस वीतभर रुंद चर काढून तो मृगापूर्वी साफ करावा. चराचे तोंड शेजाऱ्याच्या बांधावर सोडू नये. अशा पाण्यावरून उठलेले तंटे शेवाळापेक्षा अधिक चिवट असतात. जांभळीचे झाड तोडण्याचे कारण नाही. खालच्या फांद्या छाटून सकाळचे ऊन वाटेवर येऊ दिले तरी पुरे, आणि गळालेला पाला आठवड्यातून एकदा झाडावा.

कोरलेल्या दरजा मोकळ्या ठेवू नयेत. ठोकळ्यांच्या दरजांत दगडाची कोरडी बारीक कच झाडून भरावी. शहाबादी फरशीच्या दरजा एकास तीन प्रमाणाच्या सिमेंट-वाळूने भराव्या. नवीन कोबा करीत असल्यास तो घोटून गुळगुळीत करू नये. ओला असतानाच त्यावर खराट्याचे आडवे ओरखडे ओढावे. गोठ्यासमोरील उतारावर बोटभर रुंदीच्या आडव्या खाचा ठेवाव्या, म्हणजे खूर अडकतो व जनावर घसरत नाही. ह्या खाचांचे तोंड चरात उघडावे, नाहीतर त्यांतच पाणी साचते.

नदीकाठच्या बांधवांस एक वेगळी सूचना. २६ जुलै २००५ व २७ जुलै २०१९ ह्या दिवसांसारखा पूर आला, म्हणजे ढाळ व चर काही करू शकत नाहीत. पण पूर ओसरल्यावर राहिलेला गाळ ओला असतानाच ओढून काढावा. तो दरजांत सुकला की शेवाळास तयार वाफाच मिळतो.

ज्यांस सर्व खर्च एका वर्षात झेपत नसेल, त्यांनी पहिल्या वर्षी पन्हळ व चर, दुसऱ्या वर्षी खोलगट भाग व दरजा असा क्रम धरावा. गोठ्यासमोरील पंधरा-वीस फूट मात्र पहिल्याच वर्षी घ्यावेत, कारण दूध घेऊन पहाटेच्या अंधारात माणूस तेथूनच चालतो.