यंत्राला पाणी दिसतं का?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, कोयनेचं पाणी गावाजवळून जातं, तरी एप्रिल लागला की वाडीची विहीर तळ गाठते. आता बोअर मारायचं ठरतंय. पाणाड्याने नारळ हातावर धरून एक जागा दाखवली. मग एकाने तारा पसरून यंत्राने दुसरीच दाखवली. यंत्राला जमिनीखालचं पाणी खरंच दिसतं का?
— एक वाचक, अलोरे (ता. चिपळूण)

उत्तर : नाही. जमीन विजेला किती अडवते, एवढंच ते यंत्र मोजतं. पाणी आहे की नाही, हा त्यावरून माणसाने काढलेला अंदाज.

आधी कोयनेचं. ते पाणी पोफळीला वीज करून कोळकेवाडी धरणात उतरतं आणि तिथे पुन्हा वीज करून वाशिष्ठीला मिळतं. तुमची वाडी वरच्या अंगाला असेल तर ते चढून येणार नाही. तुमची विहीर जगते ती तुमच्या डोंगरात मुरलेल्या पावसावर, आणि कोकणातला जांभा म्हणजे चाळण. जून ते सप्टेंबर भरभरून घेतो आणि उतारावरच्या झऱ्यांवाटे सोडूनही देतो. त्याखालच्या काळ्या कातळात पाणी असतं ते फक्त भेगांत, झिजलेल्या पट्ट्यात आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यात. बोअरने गाठायच्या त्या याच जागा.

तारांच्या पद्धतीचे पहिले प्रयोग कॉनराड श्लुम्बर्जे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये केले, तेही खनिजं शोधायला. एका रेषेत चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळ्यांमधला विजेचा दाब मोजायचा. बाहेरच्या सळ्या लांब नेत गेलं की प्रवाह अधिक खोल उतरतो. कोरडा जांभा आणि अखंड काळा पाषाण विजेला जबर अडवतात. भेगांतल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे तिथे या अडवणुकीचा आकडा खाली येतो. पाणी धरलेला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, साधारण 20 ते 50 ओहम-मीटर दाखवतो, अखंड पाषाण शंभराच्या बराच पुढे.

गोम अशी की चिकणमातीही वीज सहज जाऊ देते. जांभ्याच्या बुडाशी असलेली चिकट माती आणि लाव्ह्याच्या थरांमधला तांबडा गेरूसारखा पट्टा, दोन्ही आकडा खाली आणतात आणि बोअरला पाणी जवळपास देत नाहीत. म्हणून नुसता कमी आकडा बघून ‘इथे मारा’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. शेजारपाजारच्या बोअर खणताना किती फुटांवर काय लागलं, हे विचारून मग या आकड्यांचा आलेख वाचणारा भूवैज्ञानिक शोधा.

अलोऱ्याच्या बाजूला आणखी अडचणी आहेत. साठेक मीटर खोलवरचं बघायचं तर बाहेरच्या सळ्यांमध्ये दोनशे मीटरहून अधिक सरळ आणि शक्यतो सपाट जागा लागते. तुमच्या उतारांवर ती मिळवणं हीच अर्धी कसरत. वीजगृहांतून निघालेल्या उच्च दाबाच्या वाहिन्या, पुरलेले लोखंडी नळ, तारेचं कुंपण, यांनी वाचनं बिघडतात. उन्हाळ्यात कातळावर सळी नीट टेकत नाही, तिथे मिठाचं पाणी ओतावं लागतं. तुमच्याकडच्या माणसाने हे केलं का, तारा किती लांब नेल्या, आलेख दाखवला का? जागा दाखवून पैसे घेऊन गेला असेल, तर त्याच्यात आणि नारळवाल्यात फरक शोधत बसू नका.

पाणाड्याला मी सरसकट हसत नाही. झाडं आणि वारुळं बघून पाण्याचा अंदाज बांधण्याचे ठोकताळे सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहेत, आणि जुना पाणाड्या उतार, ओल, उंबर बघतोच. पण हातावरचा नारळ उभा राहण्याचा पाण्याशी संबंध जोडता येत नाही. शिवाय कोकणात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं, त्याचं श्रेय नारळाला जातं. प्रश्न ते मे महिन्यात टिकतं का हा आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही राज्य सरकारची यंत्रणा 1972 पासून हेच काम करते. ग्रामपंचायतीमार्फत रत्नागिरीच्या कार्यालयात अर्ज द्या, आणि पाहणी मे महिन्यात मागा. तेव्हा जो ओला थर सापडेल, तो उन्हाळ्यातही ओला असलेला. आलेखात तसा थर दिसलाच नाही, तर बोअरचे पैसे वाचवा आणि वाडीच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात सर्वांत शेवटी आटणारा झरा कोणता, ते गुराख्यांना विचारा. जांभा आणि खालची माती जिथे भेटतात, तिथेच तो फुटलेला असेल. तो साफ करून, बांधून, नळाने टाकीत आणता येतो. विजेचं बिलही नाही.