जगाचा इतिहास आणि आपला खानदेश



इतिहास म्हटला की राजांची नावे आणि लढायांच्या सनावळ्या, असे पुष्कळांना वाटते. मग माणूस म्हणतो, "आपल्याला काय करायचंय त्याचं? आपण भले नि आपली शेती भली." पण इतिहास काही राजांच्या एकट्याच्या मालकीचा नाही. तुमच्या रस्स्यातली मिरची, शेतातला कापूस आणि सातबाऱ्यावरचे नाव, या सगळ्यांना इतिहास आहे. तोच या धड्यात पाहू.

जाणते लोक जगाच्या इतिहासाचे मोठे भाग पाडतात. त्या भागांना युगे म्हणतात. एक युग संपून दुसरे लागले हे ओळखावे कसे? आम्ही तीन साधे प्रश्न सांगतो. पोट कशावर भरत होते? हत्यार कशाचे होते? आणि लेखणी कोणाच्या हाती होती? या प्रश्नांची उत्तरे बदलली, की युग बदलले असे समजावे.

आधी काळाचे माप घेऊ. अंगणात शंभर हात लांबीचा दोर पसरला आहे असे समजा. एक हात म्हणजे अडीचशे वर्षे. सगळा दोर पंचवीस हजार वर्षांचा झाला. त्याच्या अलीकडच्या टोकाशी आजचा दिवस आहे. आपण पलीकडच्या टोकापासून चालत येऊ.

१. दगडाचे युग

चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. तिथे जमीन खणली तेव्हा दगडाची बारीक हत्यारे सापडली. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही सापडले. ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे त्या वेळी आपल्या भागात शहामृग फिरत होते! माणूस शिकार करून, कंदमुळे खाऊन जगत होता. लेखणी अजून जन्माला यायची होती. पण एका कवचावर रेघांची नक्षी कोरलेली आहे. पोट भरल्यावर माणसाला रेघ ओढावीशी वाटली, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

२. शेतीचे युग

पश्चिम आशियात माणूस सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी धान्य पेरू लागला. आपल्याकडे तापीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांची गावे चार हजार वर्षांमागे दिसू लागतात. दोरावर ही खूण सोळा हातांवर येते. तापीकाठी प्रकाशे गावी १९५५ साली उत्खनन झाले. (हे गाव आता नंदुरबार जिल्ह्यात आहे.) खालच्या थरांत दगडी पाती, तांब्याच्या वस्तू आणि रंगीत नक्षीची मडकी निघाली. वरच्या थरांत लोखंड निघाले. मातीचे थर म्हणजे जणू पोथीची पानेच.

धान्य उरू लागले, तशी त्याची मोजदाद आली. कोणी किती दिले, कोणाकडे किती बाकी? हे तोंडी कुठवर राहणार? इराक देशात पाच हजार वर्षांपूर्वी लोकांनी मातीच्या विटांवर खुणा करून हिशेब ठेवला. लिहिणे असे सुरू झाले. म्हणजे लेखणीचा जन्म हिशेबापोटी झाला. तेव्हापासून ज्याला हिशेब वाचता येतो तो एका बाजूला, आणि ज्याला येत नाही तो दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी पडली.

३. राज्ये, धर्म आणि व्यापारी वाटा

पुढे मोठी राज्ये झाली. दूरदूरचा व्यापार वाढला. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा माल भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून जहाजाने रोमच्या राज्यात पोचे. या वाटांच्या आसपास डोंगरांत लेणी कोरली गेली. अजिंठ्याची लेणी आपल्या शेजारचीच आहेत. त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीची आहेत.

चाळीसगावजवळच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यांना दान देणाऱ्यांची नावे तिथे कोरली आहेत. त्यांत पैठणचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. तिथेच सापडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या सोनाराचे नाव आहे. त्याचे नाव कान्हदास. त्या काळचे कितीतरी धनवंत विसरले गेले. हा कारागीर मात्र उरला, कारण त्याचे नाव लिहिलेले होते.

४. पाटणचा मठ

आता दोराचे साडेतीन हातही राहिले नाहीत. भास्कराचार्य हे मोठे गणिती. त्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या 'लीलावती' ग्रंथाचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा नातू चांगदेव याने पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तिथला शिलालेख प्रसिद्ध आहे.

त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मठाला राजाने देणगी दिली, एवढेच त्यात नाही. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यातला ठरलेला हिस्सा मठाला द्यावा, असेही त्यात लिहिले आहे. म्हणजे गावच्या बाजारावर शाळा चालत होती! बाजारात येणारे लोक मराठी बोलत. म्हणून त्यांना सांगायचे ते मराठीत लिहिले असावे.

त्याच सुमारास, १२०२ साली, इटलीतल्या पिसा शहरात लिओनार्दो नावाच्या माणसाने एक पुस्तक लिहिले. नऊ आकडे आणि शून्य वापरून हिशेब कसा सोपा होतो, हे त्याने युरोपच्या व्यापाऱ्यांना समजावले. हे आकडे मूळचे भारतातले. ते अरबांच्या मार्फत तिकडे पोचले होते. ज्ञानाला शिवेचा दगड अडवत नाही.

५. जहाजांचे युग

१३७० साली दिल्लीच्या सुलतानाने मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली. त्याच्या फारुकी घराण्याने खानदेशावर दोनशे वर्षांहून अधिक काळ राज्य केले. पुढे अकबर बादशहाने वेढा घातला आणि १६०१ च्या जानेवारीत अशीरगड पडला. फारुकींचे राज्य बुडाले.

आता एक जोड बघा. अशीरगड पडण्याच्या काही दिवस आधी, ३१ डिसेंबर १६०० रोजी, लंडनच्या काही व्यापाऱ्यांना तिथल्या राणीने एक सनद दिली. तिच्यातून ईस्ट इंडिया कंपनी जन्मली. गडावर तोफा वाजत होत्या. त्या कागदाची खबर इथे कोणालाच नव्हती. पण पुढची दोनशे वर्षे जिंकली ती त्या कागदाने. १८१८ साली इंग्रजांनी थाळनेर घेतले आणि तिथल्या किल्लेदाराला फाशी दिले.

जहाजांनी आणखीही काही आणले. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोचला. मिरची, भुईमूग, मका आणि तंबाखू ही सारी तिकडची पिके. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आणि इतर वाटांनी इकडे आली. त्याआधी खानदेशी रस्सा मिरचीवाचून होत असे. आज कोणाला खरे वाटेल?

६. यंत्राचे युग

इंग्लंडात वाफेवर सूतगिरण्या चालू लागल्या. त्यांना कापूस लागे. तो मुख्यतः अमेरिकेतून येई. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तो कापूस अडला. मग खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच वर्षांत मुंबईहून निघालेली आगगाडी भुसावळपर्यंत आली. जळगावची पेठ कापसावर वाढली.

पण १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. चढ्या भावाच्या भरवशावर ज्यांनी कर्जे काढली होती, ते अडकले. रोखा सावकाराने लिहायचा आणि कुणब्याने अंगठा द्यायचा, अशी रीत होती. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी उठले. त्यांनी सावकारांकडे काय मागितले? धान्य नव्हे, सोने नव्हे. कर्जाचे रोखे मागितले आणि जाळले. आपल्याला न वाचता येणाऱ्या कागदाचीच त्यांना सर्वांत जास्त धास्ती होती.

७. लोकांचे युग

शेवटचे युग दोराच्या शेवटच्या वितीत मावते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. म्हणूनच ती आज आपल्याला वाचायला मिळतात. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चिन्हे ठेवली. मत देण्यासाठी शिक्षणाची अट नव्हती, ही मोठी गोष्ट झाली.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करता करता त्यांनी गाणी रचली. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरचे लोक यांनी जेवढी टिपली, तेवढी उरली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण जी गाणी कोणी टिपली नाहीत ती कुठे गेली? ती त्यांच्याबरोबरच गेली. त्यांच्या जोडीने जात्यावर बसलेल्या आणखी कितीजणींची गाणी अशी गेली, हे कोण सांगणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार काळ एकच होते. लेखणी थोड्यांच्या हातात, अंगठा पुष्कळांचा. ते उत्तर आता बदलत आहे. तुम्ही हा धडा वाचत आहात, हाच त्याचा पुरावा.

कठीण शब्द

उत्खनन : जुन्या वस्तू शोधण्यासाठी जमीन बेताने खणणे.
सनद : हक्क देणारा सरकारी कागद.
रोखा : कर्जाचा लेखी कागद.
यादवी : एकाच देशातल्या लोकांची आपसातली लढाई.

विचार करा, लिहा

१. अमेरिकेतल्या लढाईमुळे खानदेशातल्या शेतकऱ्याचे काय झाले?
२. १८७५ साली शेतकऱ्यांनी रोखेच का जाळले?
३. घरातल्या वडीलधाऱ्यांना एखादे जात्यावरचे गाणे विचारा. ते जसे म्हणतील तसेच, अहिराणीत असेल तर अहिराणीत, उतरवून घ्या. खाली त्यांचे नाव, गाव आणि तारीख लिहा.