पाळीव उंदरांची कुरतडण्याची लाकडे : स्वच्छता व दक्षता

(शिक्षकांसाठी पाठटिपण)

कडावच्या मुलांना उंदीर दोन रूपांत परिचित असतो : गावातील सिद्धिविनायकाचे वाहन म्हणून आणि भाताची कणगी फोडणारा चोर म्हणून. कोणी पांढरा उंदीर किंवा गिनीपिग पाळला असल्यास तिसरे रूपही दिसते. पाठाचा आरंभ येथूनच करावा.

कुरतडणे कशासाठी? या प्राण्यांच्या वर्गास ‘कृंतक’, म्हणजे कापणारे, असे नाव आहे. त्यांचे पुढचे दात, वरचे दोन व खालचे दोन, जन्मभर वाढत असतात. दाताची पुढील बाजू कठीण व मागील मऊ असल्याने मागील भाग लवकर झिजतो आणि दातास पटाशीसारखी धार येते. दात झिजले नाहीत तर ते वाढून तोंड मिटेनासे होते व प्राणी उपाशी मरतो. म्हणून पिंजऱ्यात पेरूची डहाळी, बांबूचा तुकडा किंवा नारळाची करवंटी ठेवावी. रंगवलेले लाकूड, प्लायवूड व कण्हेरीची काटकी कदापि ठेवू नये.

धुणे कसे? ही वस्तू प्राण्याच्या लाळेने व मूत्राने भिजते. लाकूड जे शोषून घेते, ते पुढे प्राण्याच्या पोटात जाते. यास्तव फिनेल, डांबराच्या गोळ्या किंवा सुवासिक साबण वापरू नये. क्रम असा असावा :

१. कोरड्या ब्रशाने घाण झाडावी. हा ब्रश अन्य कामास वापरू नये.
२. पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन घासावे. त्याने मूत्राचे पांढरे थर सुटतात.
३. कढत पाण्याने खळखळून धुवावे. लाकूड फार वेळ भिजत ठेवू नये.
४. पूर्ण वाळेपर्यंत उन्हात ठेवावे.

कढत पाण्याचे काम मोठ्यांनीच करावे. विहिरीत टाकण्याची टी. सी. एल. पूड शाळेत हाताशी असते, परंतु ती येथे वापरू नये. व्हिनेगरशी तिचा संयोग झाल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. मूत्राने भिजलेल्या वस्तूवर टाकली तरीही घातक वायू निर्माण होतात.

पावसाळ्यातील अडचण. सह्याद्रीच्या पायथ्याशी आषाढ-श्रावणात ऊन दुर्मीळ असते. अर्धवट वाळलेल्या लाकडास बुरशी येते, म्हणजे धुतलेली वस्तू न धुतलेल्याहून वाईट ठरते. यास उपाय दोन जोड ठेवण्याचा : एक पिंजऱ्यात, दुसरा चुलीपासून अंतरावर, धूर लागणार नाही असा वाळत. बुरशी आलेला, चिरफाळलेला किंवा वास न जाणारा तुकडा टाकून द्यावा; करवंटी व डहाळी आपल्याकडे फुकट मिळते.

वाळत घातलेल्या वस्तूपर्यंत घरातील उंदीर पोहोचू नये. त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. म्हणून काम संपताच प्रत्येक मुलाने साबणाने हात धुवावेत व हातास जखम असल्यास हे काम करू नये.

मुका प्राणी तक्रार सांगू शकत नाही. त्याच्या तोंडात जे जाते त्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर आहे, हे मुलांच्या मनावर ठसावे.

स्वाध्याय

१. कृंतकांचे दात पटाशीसारखे धारदार का राहतात?
२. लाकूड धुण्यापेक्षा वाळवणे अधिक महत्त्वाचे का?
३. टी. सी. एल. व व्हिनेगर एकत्र का करू नयेत?