बोर्डी

तुमच्या मोहल्ल्यात अंगणवाडी आहे ना? तुमची धाकटी भावंडे तिथे जात असतील. पण अंगणवाडीची कल्पना कुठे रुजली, हे तुम्हांला ठाऊक आहे का? चला, त्या गावाला जाऊ या.

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ, समुद्राकाठी बोर्डी हे गाव आहे. मुंबईहून पश्चिम रेल्वेने निघालात की डहाणूच्या पुढे घोलवड स्थानक लागते. तिथे उतरा. बोर्डी तिथून जवळच आहे. या भागात जिकडे पाहावे तिकडे चिकूच्या गर्द वाड्या दिसतात. चिकूचे झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे; पण इथल्या मातीत ते असे रुजले, की डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चिकू झाडावरून टणक असतानाच काढतात. तो पुढे तीन-चार दिवसांत पिकतो. म्हणून तर तो दूरच्या शहरांत पाठवता येतो!

किनाऱ्यावर सुरूची उंच झाडे आहेत. ओहोटीच्या वेळी समुद्र खूप आत जातो.

सीमेपलीकडे जवळच संजाण आहे. इराणहून आलेले पारशी लोक शेकडो वर्षांपूर्वी तिथे स्थायिक झाले. त्यांची हकिकत 'किस्सा-ए-संजान' या फार्सी काव्यात आहे. ते सुमारे १६०० साली लिहिले गेले. संजाण युद्धात पडले, तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे सांभाळला, असे त्यात सांगितले आहे. 'किस्सा' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. मराठीतही तो तसाच वापरतात.

आता अंगणवाडीकडे वळू. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. त्या वेळी त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. त्यांनी इथे 'ग्राम बाल शिक्षा केंद्र' सुरू केले. लहानपणीच विधवा झालेल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बालवाडी उघडली, पण आदिवासी मुले येईनात. कशी येणार? आईबाप मजुरीला जात. घरी धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार? गुरे कोण राखणार? दुसऱ्या कोणी मुलांनाच दोष दिला असता. ताराबाईंनी तसे केले नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरवले. त्या पाड्यांवर जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. पाने, बिया, शंख, शिंपले हेच शिकवण्याचे साहित्य. त्याला पैसे कुठे लागतात? अंगणात भरली, म्हणून ती अंगणवाडी.

पुढे हे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. कुरण म्हणजे गुरे चरण्याची जागा. गुरे चरत आणि मुले शिकत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.